अक्काच्या पेटीतली मरळ

एक गोष्ट आहे, ती माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, मुलाला तर नाहीच. सांगायला बसले की आधी चहाचं निघतं, मग सुनेचं, मग गुडघ्यांचं — आणि गोष्ट तशीच राहते. आज मात्र सांगून टाकते.

गोष्ट माशांची आहे. हसू नका.

मी लग्न होऊन जालन्यात आले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन चार-सहा वर्षं झाली असतील. सासर माळकरी. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाईकडचं, आणि आमच्याकडे मासे खायचे. पण सोयरीक जमताना वडलांनी 'आमच्यातबी कुणी खात न्हाई' असं ठोकून दिलं होतं, आणि मीही मान हलवली होती. त्यामुळे मला माशांतलं काही कळत नाही, हे सासरी ठरूनच गेलेलं.

घरात मोठ्या जाऊबाई. मी त्यांना अक्का म्हणायची. अक्काची दोन बाळं पाठोपाठ गेली होती — दुसरं तर बारशाआधीच. तिचं मन रमावं म्हणून थोरल्या भाऊजींनी हैदराबादहून चार लाल मासे आणले, बोटाच्या पेराएवढे. फोटोला काच बसवणाऱ्याकडून लहानशी काचेची पेटी करून घेतली. दुकानदारानं त्यांना बजावलं होतं, "ये गरीब मछलियाँ हैं साहब, इनमें गरीबच डालना." मग त्यांच्यात आणखी कोणता मासा खपेल यावर घरात खल सुरू झाला. ज्या घरात माशाचं नाव काढलं की लोक नाकाला पदर लावायचे, त्या घरात! अक्का कणकेच्या बारीक गोळ्या टाकायची, मासे तिच्या बोटाशी यायचे, आणि ती — खरं सांगते — नव्या नवरीसारखी हसायची.

मला ते बघवायचं नाही. का? मला कुणी काही कमी केलं होतं का? नाही. पण सगळं घर त्या पेटीभोवती आणि मी चुलीपाशी. मलाही त्यात माझा म्हणून एक मासा हवा होता.

पोळा झाल्यावर माहेरी गेले. भावानं ओढ्यात जाळं लावलं होतं. त्यात एक पिल्लू सापडलं — अंगावर केशरी पट्टा, इतकं देखणं! मी ते तांब्यात घेतलं.

"तायडे, मरळीचं पिल्लू हाय ते," भाऊ म्हणाला. "दुसऱ्याला जगू देत न्हाई. एकटंच ठेव."

त्यानं सांगायला हवं होतं का? मरळी मी स्वतः चिरल्या होत्या, त्यांच्या पोटात काय निघतं ते पाहिलं होतं. तरी म्हटलं, एवढंसं तर आहे.

अक्कानं विचारलं, "कसलं गं हे? गरीब हाय ना?"

"बिलकुल गरीब," मी म्हणाले.

हे माझं खोटं. पण नुसतं खोटं असतं, तर मी केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

संक्रांतीपर्यंत मरळ चांगली वाढली. केशरी पट्टा गेला, काळपट झाली. एक लाल मासा दिसेना. मग दुसरा. मांजरावर आळ आला, पेटीवर जाळी बसली. आणि एका दुपारी अक्का अंगणात धुणं वाळत घालत असताना मी पाहिलं — मरळीच्या तोंडाबाहेर लाल शेपूट, अजून हलणारं. तेव्हाही एक मासा शिल्लक होता हो! मरळ उचलून विहिरीत सोडायला कितीसा वेळ लागला असता? पण मग विचारलं असतं — हा मासा कुठला, तुला ठाऊक नव्हतं का — आणि माहेरी चुलीवर काय शिजायचं तेही निघालं असतं. मी पदर सारखा केला आणि भाकरी थापायला बसले.

तोही गेला. सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नव्हतं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "थोरले, तुझ्या हाताला काही लाभतच न्हाई बघ. अन् धाकटीचा मासा बघ कसा वाढून राह्यला!"

अक्कानं आपला हात पाहिला. कणीक लागलेली होती. ती पदराला पुसली आणि आत गेली.

मी तिथंच उभी होते. दोन वाक्यांचं काम होतं. ती मी बोलले नाही. उलट — हेच, हेच मला इतकी वर्षं सांगता येत नव्हतं — मला बरं वाटलं. माझ्या हाताला यश आहे, हे ऐकून मला गोड वाटलं.

मरळ पुढं विहिरीत सोडली. वर्षभरानं मला मुलगा झाला. अक्कानं माझं बाळंतपण आईसारखं केलं — शेक, धुरी, डिंकाचे लाडू. पाळण्याची दोरी ओढायची, पण बाळाला हात लावायची नाही. मी म्हटलं, "घ्या की अक्का."

"नको बाई. माझ्या हाताला लाभत न्हाई."

मी बाळाला पुन्हा पाळण्यात ठेवलं. पोरगा चालायला लागला तेव्हा आपणच तिच्याकडं धावला, दोन्ही हात वर करून. तिनं आपले हात पाठीमागं नेले. "आईकडं जा, राजा," म्हणाली. मी पुढं होऊन त्याला उचलून घेतलं.

अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. परवा मुलानं विचारलं, "आई, मोठ्या आईला मी आवडत नव्हतो का गं? कधी कडेवर घेतल्याचं आठवत न्हाई."

मी म्हटलं, "तिचा स्वभावच तसा होता."