फ्रान्सवाल्याचा गुडघा आणि माझा

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली, पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली आणि म्हणाले, "एसीएल. कम्प्लीट टेअर."

मी विचारलं, "पण सर, शिबिराला जाता येईल ना? अजून दोन महिने आहेत."

त्यांनी फिल्म खाली ठेवली. मग म्हणाले, "अरे, पूर्ण तुटलंय."

एसीएल म्हणजे अँटेरियर क्रुशिएट लिगामेंट. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांना बांधून ठेवणारी दोरीसारखी पट्टी. सरळ चालताना तिची फारशी गरज लागत नाही. धावता धावता थांबायचं, वळायचं, उडी मारून खाली यायचं, तेव्हा लागते. आणि बास्केटबॉलमध्ये माणूस दुसरं काही करतच नाही.

मी आदिनाथ. वय वीस, उंची सहा फूट चार इंच, वाढलो सोलापुरातल्या सिमेंटच्या कोर्टवर. पुण्याच्या एका व्यावसायिक संघाने मला सराव शिबिराला बोलावलं होतं. तिथे निवड झाली की आयुष्यातला पहिला करार. माझे वडील, म्हणजे अप्पा, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मशीनवर आहेत. त्यांनी अख्ख्या शिफ्टला ही बातमी सांगून ठेवली होती. आणि एका साध्यासुध्या सामन्यात रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, घेऊन मी खाली आलो, पाय जमिनीला चिकटला, वरचं अंग वळलं आणि आत टक्क आवाज झाला.

ज्यांच्या गुडघ्यात असा आवाज झालाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन आठवड्यांत सूज उतरते, तुम्ही नीट चालायला लागता, घरचे म्हणतात बरं झालं. बरं झालेलं नसतं. डॉक्टरकडे जा, एमआरआय करा.

ऑपरेशनचं नाव रिकन्स्ट्रक्शन. डॉक्टर ते समजावत होते तेव्हा अप्पांनी मध्येच विचारलं, "सायेब, आमच्याकडं धागा तुटला की गाठ मारून जोडतो की आमी. तसं न्हाय का जमत?"

"तिथे गाठ धरत नाही," डॉक्टर म्हणाले. "याच्याच मांडीमागच्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूचं दोरीसारखं टोक, काढायचं आणि हाडांना भोकं पाडून तिथून ओवायचं. त्याला ग्राफ्ट म्हणतात."

"म्हंजे नवा ताणा भरायचा," अप्पा म्हणाले. त्यांना ते पटलं. घरी येऊन त्यांनी आईला माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगितलं.

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं. मी जागा होतो. पडद्यापलीकडे ड्रिल चालू होतं आणि मला वाटत होतं, सुताराकडे मोडकी खुर्ची दुरुस्तीला टाकलीय आणि ती खुर्ची मीच आहे. भीती कमी आणि घाई जास्त होती. नर्सला मी तीनदा वेळ विचारली.

दरम्यान आमच्या कोच सरांनी पुण्याच्या संघाला फोन केला होता. पुढचं शिबिर नऊ महिन्यांनी होतं. संघवाले म्हणाले, तोपर्यंत एक जागा राखून ठेवतो, पण फिजिओचं पत्र लागेल, की हा पूर्ण फिट आहे. नऊ महिने. मी मनाशी सात धरले.

जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिले काही आठवडे मी खाली उतरलो तो फक्त दवाखान्यासाठी. कॉट सहा फुटी, मी तिच्याहून लांब. पायाला ब्रेस, आत घामाने खाज. माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी; मी एका जागी बसून कधी जेवलोसुद्धा नाही. उशी फेकायचो, कुबडीने पडदा सरकवायचो, पुन्हा लावायचो. आई म्हणायची, "आता तरी गप बस की जरा. त्या पडद्यानं काय केलंय तुझं?"

अशात मोबाइलवर मला फ्रान्सवाला सापडला. त्याचं नाव अप्पांच्या तोंडात बसेना, म्हणून घरात तो फ्रान्सवालाच झाला. वीस वर्षांचा, माझ्याच जागेवर खेळणारा. अठराव्या वर्षी त्याने एका मोठ्या क्लबशी करार केला होता. पहिल्या हंगामात सकाळी पोरांच्या संघाबरोबर सराव आणि संध्याकाळी मोठ्यांच्या संघाबरोबर बेंचवर. पहिल्या सामन्यात त्याला चार मिनिटं मिळाली आणि एकही गुण नाही. मी तो सामना शोधून पाहिला; उतरताना त्याने शर्ट उलटा घातला होता. दुसऱ्या हंगामात मात्र पोरगा सुरुवातीच्या पाचांत आला, आणि मग एकदम दिसेनासाच झाला. माझ्या ऑपरेशनच्या आठवड्यातच क्लबने जाहीर केलं: एसीएल, शस्त्रक्रिया झाली.

मला एवढा आनंद झाला की लाज वाटली. जगात कोणीतरी माझ्याबरोबर पडलं होतं.

क्लब त्याच्या व्यायामाच्या क्लिप टाकायचा. मी वही केली. डाव्या पानावर तो, उजव्या पानावर मी. तिसऱ्या आठवड्यात तो सायकल चालवत होता, मी अजून गुडघा वाकवायला शिकत होतो. मला दिलेले व्यायाम मी दुप्पट करायला लागलो. दहा वेळा सांगितलं की वीस. आमच्या खेळात चुकलं की वीस जास्त, दमला की अजून वीस, असंच आम्हाला वाढवलेलं असतं.

माझ्या फिजिओथेरपिस्ट शबाना मॅडम. आवाज कधी चढवत नाहीत, पण पेशंट घाबरून असतात. त्यांनी बजावलं होतं, "ग्राफ्ट आत बसवला की लगेच मजबूत होत नाही. आधी तो कमजोर होतो, मग त्यात नवीन रक्तवाहिन्या येतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सगळ्यात कच्चा असतो. आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबतं. उडी मारायची नाही."

दहाव्या आठवड्यात फ्रान्सवाल्याने खोक्यावर उडी मारली.

मी सकाळी गच्चीवर गेलो. टाकीच्या चौथऱ्यावर दोन पायांनी उडी मारली. काही झालं नाही. दुसरी मारली, मोकळं वाटलं. तिसरीला खाली उतरताना गुडघा आत दबला आणि मी चौथऱ्याला टेकून खाली बसलो.

संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला. मी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. बर्फ लावत होतो, कोणी विचारलं की उकडतंय म्हणून लावतोय म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी पँट गुडघ्याच्या वर चढेना, तेव्हा आईनं पाहिलं. ती रागावली नाही, नुसती खाली बसली. "आता रे?" एवढंच म्हणाली.

मॅडमनी मला पाठीवर झोपवून गुडघा हातात धरला आणि नडगी पुढे ओढून पाहिली. याला लॅकमन टेस्ट म्हणतात. पट्टी तुटली असेल तर हाड सैल पुढे येतं. मग "एमआरआय करून घे," म्हणाल्या.

त्या दिवशी वेटिंग रूममध्ये आम्ही चार तास होतो. मी बसूच शकलो नाही. दारापासून पाण्याच्या कूलरपर्यंत आणि परत. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा बसायला सांगितलं. अप्पा सुट्टी टाकून आले होते, मांडीवर माझी फाइल धरून. ते म्हणाले, "आदिनाथा, पुन्यात कुनी न्हाय घेतलं तरी मी कामावर जानारच हाय. तू बस."

मला तेव्हा राग आला. वाटलं, यांना कळतच नाही. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. बारावीनंतर मी फक्त खेळलो होतो.

रिपोर्ट आला. ग्राफ्ट शाबूत होता. हाडाला आतून मार लागला होता, बोन ब्रूझ म्हणतात, आणि गुडघ्यात पाणी झालं होतं. मॅडम म्हणाल्या, "नशीब समज. पण सहा आठवडे मागे गेलास."

मी चिडून मोबाइल पुढे केला. "मॅडम, हा पण दहाव्या आठवड्यातच आहे. हा मारतोय ना उडी?"

त्यांनी क्लिप थांबवली, मोठी केली. "याचा व्रण बघ. पांढरा पडलाय. आता तुझा बघ."

माझा लालभडक होता, अजून फुगलेला. "हा दहा आठवड्यांचा व्रण नाही," त्या म्हणाल्या. "पाच-सहा महिन्यांचा आहे. तुला कोणी सांगितलं याचं ऑपरेशन तुझ्याबरोबर झालं म्हणून?"

कोणीच सांगितलं नव्हतं. क्लबने जाहीर केलं त्या दिवसापासून मीच मोजत होतो. दोन महिने मी एका अशा माणसाशी शर्यत लावली होती जो केव्हाच पुढे निघून गेला होता. मी वही घरी जाऊन फाडली. फाडून बरं वाटलं नाही.

पुढे त्याची एक मुलाखत आली, खाली इंग्रजी अक्षरं होती. त्याने सांगितलं, हंगाम संपेपर्यंत क्लबने दुखापत जाहीर केली नाही. आणि त्याआधी त्यानेही लपवलं होतं. सरावात गुडघा निसटायचा, पण सुरुवातीच्या पाचांतली जागा नुकतीच मिळाली होती, म्हणून तो कोणाला बोलला नाही.

मी ते पुन्हा लावून पाहिलं. कारण माझाही गुडघा सामन्याच्या महिनाभर आधी सरावात दोनदा निसटला होता. शिबिराचं बोलावणं नुकतंच आलं होतं. मी गप्प बसलो होतो. हे मी आजवर घरीही सांगितलेलं नाही, इथेच लिहितोय.

त्यानंतर मॅडमनी सांगितलं तेवढंच मी केलं. दहा म्हणजे दहा. मला ते दुप्पट करण्यापेक्षा जड गेलं. उरलेला वेळ कुठे घालवायचा कळत नव्हतं. घरभर येरझाऱ्या घालायचो, आई दळण आणायला पिटाळायची.

नऊ महिने होत आले. शिबिराला आठवडा राहिला होता. मॅडमनी हॉप टेस्ट घेतली. एका पायावर सलग तीन उड्या, मग दुसऱ्या पायावर तीन, आणि टेपने अंतर मोजायचं. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी भरला पाहिजे. अप्पा दाराशी उभे होते.

मी उड्या मारल्या. मॅडम टेपवर वाकल्या, कागदावर आकडेमोड केली. "नव्वद. काठावर, पण नव्वद." त्या टेबलाकडे गेल्या, लेटरहेड काढलं आणि संघाचं नाव विचारलं.

मी नाव सांगितलं. त्या लिहायला लागल्या.

ऑपरेशनच्या पायावरच्या शेवटच्या उडीला मी खाली आलो तेव्हा त्यांचं लक्ष टेपवर होतं. गुडघा किंचित आत गेला होता. किंचितच. बघणाऱ्याला कळलंही नसतं. मला कळलं होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "शेवटच्या उडीला गुडघा निसटला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला पुन्हा उडी मारायला लावली. या वेळी त्या गुडघ्यासमोर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "अजून तीन महिने."

संघाला फोन मीच केला. ते नीट बोलले. म्हणाले, जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, पुढच्या वर्षीचं आत्ता सांगता येणार नाही. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. अप्पा शेजारच्या पायरीवर बसले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, काढला नाही.

डॉक्टर, मॅडम, आई, अप्पा, सर्वांचं ऋण आहेच. पण आभार मानण्याआधी तुम्हाला एक सांगतो: गुडघा दुखत असेल, निसटत असेल, तर सांगा. जागा जाईल. माझी गेली.

त्या जिन्यात थोड्या वेळानं अप्पांनी विचारलं, "आता काय करतूस मग?"

"उद्या साडेआठला फिजिओ आहे," मी म्हणालो.