अनुभवाच्या रकान्यात घरकाम

ये, अशी जवळ सरक. चंद्रपुरात बसून हे पत्र वाचून राह्यली असशील, तरी माह्या ओसरीवरच बसली असं समज. काऊन व पोरी, मान धरली तर सख्ख्या मावशीले फोन करायचं सुचलं नाई तुले? काचेच्या दरवाज्याच्या पार्लरात जाऊन मान चोळून घेतली अन् वरून मले सांगते, "मावशी, त्यांच्या भिंतीवर सर्टिफिकेट आहे." आहे ना, असन. माह्या भिंतीवर कॅलेंडर आहे.

तुह्यावर राग नाई माहा. राग त्या कागदाचा आहे. तो मले काऊन नाई भेटला हे तुह्या मायनं कधी सांगतलं नसन, म्हून मी सांगतो.

मी चोळणं शिकली ते आमच्या मुलचेऱ्याकडच्या गावात, टोल्यावरच्या, म्हणजे बाजूच्या लहान वस्तीतल्या, एका गोंडीण म्हातारीजवळ. तिले सारेच काको म्हणत, म्हणजे आजी. पहिला सारा उन्हाळा तिनं मले कोणाच्या अंगाले हात लावू दिला नाई. जुन्या लुगड्याच्या घडीत गाठ मारलेला दोरा ठेवे अन् म्हणे, वरून अंगठ्यानं गाठ शोध. सापडली की एक घडी वाढवे. मी चिडून म्हणो, "काको, माणसाच्या अंगात काय दोरे असतात?" ती म्हणे, "तुह्या डोक्यात आहेत. शोध."

मंग माणसाच्या अंगाले हात लावू दिला तिनं. वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बाईची कंबर मधातच धरते, अन् मोहाची फुलं वेचणारीची एका बाजूनं, कारण टोपली ती एकाच कडेवर घेते. म्हून आधी विचारायचं, बाई, काय काम केलं? अन् विचारायच्याही आधी हाताची उलटी बाजू ठेवायची. तळहात कामानं राठ झालेला असते, त्याले ताप समजत नाई. एकच पाय सुजला असन अन् गरम लागला, तर तेलाची वाटी बाजूले ठेवायची अन् दवाखान्यात पाठवायचं. "गरम सूज दाबशील तर तुही बोटं मोडीन मी," असं काको म्हणे. थट्टा नव्हती करत.

त्याच्या बाद तीस वर्षं मी हेच केलं. बाळंतिणी, त्यांची लेकरं, रोवणीच्या बाया, बंगाली वस्तीतल्या म्हाताऱ्या. मोहाच्या बियांचं तेल घरचंच. पण लग्नाकार्यात कोणी ओळख करून दे तर म्हणे, "हे आमची मालिशवाली," अन् बाजूचे दोघं तोंड लपवून हासत. ते हासणं मले टोचे. म्हून आलापल्लीले मसाज थेरपिस्टचं फुकट ट्रेनिंग निघालं तेव्हा मी या वयात नाव टाकलं. कागद असला म्हणजे हासणार नाईत, असं वाटलं मले.

फॉर्म भरणाऱ्या बाबूनं विचारलं, "अनुभव?"

"तीस वर्षं."

त्यानं पेन खाली ठेवला. "बाई, गावातलं चोळणं अनुभवात धरत नाहीत. घरकाम लिहू का?"

लिहा म्हटलं. इथीच चुकलं माहं. मांगं रांग लागली होती, मले लाज वाटली अन् मी सही करून दिली. त्या बाबूपेक्षा स्वतःवर जास्त राग येते मले अजून.

ट्रेनिंग अगदीच वाईट नव्हतं, खोटं काऊन बोलू. शहरातून आलेली मॅडम होती. माणसाले चादरीखाली कसं झाकून ठेवायचं, एका वेळी एकच पाय कसा उघडा करायचा, हे तिनं चांगलं शिकवलं. माह्यासंगं साऱ्या विशीतल्या पोरी. पण कोणी काही विचारलं की मॅडम म्हणे, "पायऱ्या पाठ करा. विचार करत बसू नका."

परीक्षेच्या दिवशी टेबलावर झोपाले एक जण कमी पडली, म्हून सेंटरमधी झाडू मारणाऱ्या बाईलेच झोपवलं. नंबर माहा. मी चादर बाजूले केली अन् डाव्या पोटरीवर उलटा हात ठेवला. चुलीजवळच्या भांड्यासारखी गरम. उजवी थंड.

"कवापासून व बाई?"

"चार दिस झाले. त्याच्या आधी तापानं पडून होती, पंधरा दिस."

मी मॅडमले सांगतलं, याच्यावर मी दाबत नाई, हिले दवाखान्यात न्या.

मॅडम म्हणे, "काकू, वेळ चालू आहे. पोटरीचे गुण जातील."

"जाऊ द्या."

"तुम्हाला काय माहीत, काय झालंय ते?"

"हाताले समजते."

तिनं माहा फॉर्म काढला अन् साऱ्या पोरींसमोर वाचला. "इथे तर अनुभवात घरकाम लिहिलंय." अन् दुसऱ्या पोरीले म्हणे, "ये, तू कर."

तीस वर्षं एका ओळीत पुसली तिनं, अन् त्या ओळीखाली सही माहीच.   मी पोटरीवर चादर ओढली अन् तिथीच टेबलावर बसली, त्या पायाले आडवी. पोरगी तेलाचे हात घेऊन उभीच राह्यली.

झोपलेल्या बाईनं हळूच विचारलं, "आजी, मी उठू का?"

"उठ. त्या पायावर जोर नको देऊ."

ऑटोत घालून मीच नेली तिले सरकारी दवाखान्यात. डॉक्टरनं पाय पाह्यला, पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवलं, मशीनवर तपासलं. शिरेत रक्ताची गुठळी होती, चोळली तर सुटून छातीत जाते अन् जीव घेते अशी. डॉक्टरनं तिले पहिलं काय विचारलं सांगू? "कोणी चोळलं तर नाही ना?"

तो दवाखान्याचा कागद घेऊन मी सेंटरले गेली. मॅडमनं दोनदा वाचला. म्हणे, "काकू, तुमचं बरोबर होतं."

"मंग पास करा."

"पोटरी झाली नाही ना तुमची. निकालाची यादीही वर गेली."

पोरी साऱ्या पास झाल्या. तुह्या पार्लरातली त्यातलीच एखादी असन तर वाईट नसन ती, पण तिनं उलटा हात ठेवला होता का तुह्या मानेवर, तेवढं आठवून पाह्य.

आता नवीन बॅच सुरू आहे. परवा सेंटरमधून फोन आला, एक दिवस येऊन उलट्या हाताचं दाखवून जा म्हणे. मी विचारलं, माह्या फॉर्मवरचं घरकाम खोडता का? तर म्हणे, रकाना बदलता येत नाई. मंग मीही येत नाई म्हटलं. झाडूवाली ते बाई मातर येते दर बाजाराले, आपल्या पायानं चालत, अन् चहा पिऊन जाते.

तू कवा येतेस? रोवणी लागायच्या आधी ये, मंग मले फुरसत नाई राहत. तवरीक ते मान कोणाले कडकन मोडू नको देऊ. काकोचं लुगडं अन् गाठीचा दोरा पेटीत तुह्यासाठी ठेवला आहे. तुही बोटं लांब आहेत, मायवर गेली तू. ये लवकर, पोरी.