चार सुयांवरचा अंगठा

जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी भाईंदर पश्चिमेहून पाहुणे आले, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त गृहस्थ गेटजवळच्या बाकावर बसून गुलाबी हातमोज्याचा अंगठा विणत होते. पाहुणे त्यांच्याच घरी, त्यांच्याच मुलाला बघायला आले होते.

त्यांना सगळी बिल्डिंग काका म्हणायची. आमची दारं समोरासमोर. मीरा रोडला आपण सगळेच कुठून ना कुठून आलेलो आहोत; काका गिरगावातून आले होते, आणि येताना लोकरीची एक पेटी घेऊन आले होते.

विणकाम ते ऑफिसात शिकले. "दुपारच्या सुट्टीत पुरुषांच्या टेबलावर पत्ते, बायकांच्या टेबलावर लोकर," ते सांगत. "पत्त्यांत मी रोज हरायचो. मग टेबल बदललं."

स्वेटर त्यांनी कधी केला नाही. "स्वेटरला माप लागतं. मफलरला फक्त मान लागते." मफलर, शाली आणि हातमोजे, एवढंच. हातमोजेही पाच बोटांचे नव्हेत; चार बोटं एका पिशवीत आणि अंगठा बाजूला. मे महिन्यात घामाने लोकर बोटांना चिकटायची, तेव्हा ते तळहाताला टाल्कम पावडर लावून बसत. शाल पूर्ण झाली की तिथेच खांद्यावर टाकत, पदर कसा पडतो ते बघत, कपाळ पुसत आणि घडी घालत. त्या वेळी त्यांचा असायचा तसा चेहरा मी कुठल्याही लग्नात कुठल्याही नवरदेवाचा पाहिलेला नाही.

दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती शेजारी रोज छेडायचे. "अंकल, ये किसके लिए? यहाँ तो पंखा बंद नहीं होता."

"पंखा चालू रखो. मैं बना रहा हूँ, तुमको पहना नहीं रहा."

महिला मंडळाच्या एक बाई म्हणाल्या, "काका, आश्रमात द्या ना हे सगळं. पुण्य लागेल."

"पुण्यासाठी दुसरं काहीतरी करेन. हे मजेसाठी आहे."

मागेल त्याला ते देऊन टाकत. कुणी मागितलं नाही तरी पुढचं सुरू होई. रंग मात्र ते फार वेळ निवडत. लोकरीसाठी भाईंदरच्या बाजारात जात, आणि मोरपंखी मिळाला नाही तर निळ्यावर भागवून न घेता रिकाम्या हाताने परत येत.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यांचं दार उघडं होतं. मला सगळं ऐकू आलं.

"पप्पा, उद्याचा एक दिवस सुया आत ठेवा," मुलगा म्हणाला.

"का?"

"लोक येतायत."

"लोक रोजच येतात."

"माझ्यासाठी ठेवा ना."

काका म्हणाले, "तुझ्यासाठी चहा करीन, तुझ्या शर्टाला इस्त्री करीन, तोंडभर हसेन. लपणार मात्र नाही."

रविवारी मी गेटवर होतो. रिक्षातून मुलीचे वडील आणि मामा उतरले. मामांनी काकांनाच विचारलं, "बी विंग कुठली हो? मुलगा बघायला आलोय."

"मग बरोबर आलात. मी मुलाचा बाप. हा अंगठा चार सुयांवर आहे, मध्येच उठलो तर टाके निसटतील. बसा दोन मिनिटं."

वडील बसले. मामा उभेच राहिले.

वर पोहे आले. शेजारी म्हणून मलाही बोलावलं होतं. मामांनी विचारलं, "हे तुम्ही स्वतः करता? घरात बायका नाहीत का?"

"आहेत ना. हिला आवडत नाही," काका म्हणाले. काकू हसल्या. मुलगा हसला नाही.

त्याच आठवड्यात फोनवर नकार आला. पत्रिका जुळत नाही, असं कारण दिलं गेलं.

"पत्रिका आधीच जुळली होती, पप्पा," मुलगा गेटजवळ आमच्या सगळ्यांसमोर म्हणाला. "तुम्हाला एक दिवस जमलं नाही."

"ज्या घरात मी चालत नाही, तिथे तुला गप्प बसून दिवस काढावे लागले असते."

"ते माझं मी बघितलं असतं."

त्या संध्याकाळी काकांनी जवळजवळ पूर्ण झालेला एक हातमोजा मनगटापर्यंत उसवला. चूक कुठे होती ते मी विचारलं. "चूक नाही," ते म्हणाले, "हातच घट्ट पडलाय आज, टाके आवळलेत." आणि पुन्हा विणायला घेतला. उजेड होता तोवर ते बाकावरून उठले नाहीत.

त्यानंतर मुलगा हेल्मेट न काढताच गेटमधून आत जाऊ लागला. काका रोज मान वर करत. बाक त्यांनी सोडला नाही.

होळीच्या सुमारास सोसायटीच्या सेक्रेटरींनी मुलाला गेटवर अडवलं. मी तिथेच होतो. "पप्पांना जरा समजाव ना," ते आवाज खाली आणून म्हणाले. "घरात विणू देत. येणारी-जाणारी माणसं हसतात. बिल्डिंगचा प्रश्न आहे."

मुलाने हेल्मेट काढलं. "कोण हसतं?"

"म्हणजे... सगळेच."

"नावं सांगा. मी जाऊन भेटतो."

सेक्रेटरींनी नावं सांगितली नाहीत.

"मग ते इथेच बसतील," मुलगा म्हणाला. काका ऐकू येईल एवढ्या अंतरावर होते. त्यांच्या सुया थांबलेल्या होत्या.

एप्रिलमध्ये दुसरं स्थळ आलं. शनिवारी सकाळी जिन्यात उभा राहून मुलगा फोनवर पत्ता सांगत होता. "मीरा रोडला सिल्व्हर पार्कला या. गेटमधून आत आलात की डाव्या हाताला बाक आहे. तिथे एक गृहस्थ विणत बसलेले असतील. ते माझे वडील. त्यांच्याबरोबर वर या."