एका बाटलीचं पाणी दुसरीत

फोन आला तेव्हा मी नांदूरघाटला घरी खाटेवर लोळत पडले होते. जहाजावरून उतरून आठ दिवस झाले तरी खाट हलतेय असंच वाटायचं. फोन आमच्या मॅडमचा, म्हणजे समुद्र सर्वेक्षणाच्या प्रमुखांचा. सुट्टीत त्या कधी फोन करत नाहीत, म्हणून मी आधीच धास्तावले.

“तिसऱ्या जागेवरच्या बाटल्या तू भरल्यास ना? किती वेळा विसळल्यास?”

आमचं काम सांगायला सोपं आहे. किनाऱ्यापासून ठरलेल्या अंतरावर ठरलेल्या जागा. दर वर्षी पावसाळा सरला की जहाज तिथंच जाऊन थांबतं, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी वर काढतं आणि आम्ही त्यातलं मीठ मोजतो. माझ्या जन्माआधीपासून हेच चाललंय. प्रत्येक बाटली भरण्याआधी त्याच खोलीच्या पाण्यानं तीनदा विसळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं.

यंदा त्या जागी खालच्या पाण्यातलं मीठ कधी नव्हे इतकं कमी आलं होतं. “नीट विसळलं असशील तर समुद्रच बदलतोय, आणि ते आपल्याला पहिल्यांदा दिसतंय,” मॅडम म्हणाल्या. “नसशील तर त्या आकड्यापुढं ‘संशयास्पद’ लिहावं लागेल. संध्याकाळपर्यंत सांग.”

आता आली का पंचाईत! मला काही केल्या आठवेना. त्या दिवशी मला बोट लागली होती, डेक डोलत होता, हात आपले चालले होते. तीनदाच विसळलं असणार, मी काय बावळट आहे? मग वाटे, दोनदा असेल. मग तेही खरं वाटेना. डोळे मिटले की बाटल्यांची रांग दिसायची, माझे हात काही दिसायचे नाहीत. एवढ्या मोठ्या समुद्राचं खरंखोटं माझ्या आठवणीवर? मला माझा चष्मासुद्धा सापडत नाही! स्वतःचा राग आला आणि तो मी मायवर काढला. “चहा टाक म्हणलं होतं ना मगाशी!”

“आगं, कावून वरडायलीस? पाव्हनं येतेत. ते गिलास तेवढे इसळ आधी.”

फणकाऱ्यानं मोरीत जाऊन बसले. पहिल्या गिलासात घोटभर पाणी घेतलं, फिरवलं, दुसऱ्यात ओतलं. दुसऱ्यातलं तिसऱ्यात. तिसऱ्यातलं चौथ्यात.

आणि हात तिथंच थांबला. आमच्याकडं टँकर येईल तेव्हा येतो. विसळलेलं पाणी लगेच फेकलेलं मी लहानपणी कधी पाहिलंच नाही. जित्याची खोड, दुसरं काय! पावसानंतर वरचं पाणी कमी खारट असतं. तेच एका बाटलीतून दुसरीत ओतत मी खालच्या पाण्याच्या बाटल्यांत फिरवलं असणार. चहूबाजूंनी समुद्र, आणि मी घोटभर पाणी वाचवत बसले होते! की गिलास बघून आता तसं वाटतंय? देव जाणे. पण तीनदा विसळलं, असं सांगायला जीभ उचलेना.

फोन लावला. “मॅडम, माझा भरवसा धरू नका. संशयास्पद लिहा.”

त्या म्हणाल्या, “समुद्र खरंच बदलला असेल तर?”

“मला नाही माहीत,” मी म्हणाले, आणि रडू आलं.

मायला सगळं सांगितलं. “म्हंजी मी शिकवलं त्येच चुकलं म्हन की,” ती म्हणाली. तसं नाही गं, म्हणेपर्यंत तिनं मोरीतला एक गिलास उचलला, पाण्यानं भरला, फिरवला आणि पाणी अंगणात भिरकावलं. “आसं का?” पुन्हा भरला. पुन्हा सगळं पाणी मातीत.

तिसऱ्यांदा तिनं तांब्या वाकवला, तेव्हा मीच तिचा हात धरला.