पुंजारामच्या गोष्टीतला पिंपळ

पुंजाराम गांगुर्डे नगरपालिकेच्या शाळेत गुरुजी होता. माणूस भिडस्त, पण लिहायला बसला की कुणाचं ऐकायचा नाही. १९७८ साली त्याने मुलांसाठी अद्भुत कादंबरी लिहिली. दोन दोस्त पाताळात हरवतात. तिथे एक पिंपळ असतो. त्याच्याखाली बसून आपली खोट कबूल करणाऱ्याचं भय जातं. दोस्तांपैकी एक पक्का भित्रा, वर थापाड्या. पुंजाराम म्हणे, "बिनखोटीचा दोस्त मी तरी नाही पाहिला."

पिंपळ कुठून आला, ते वस्तीत कुणालाही कळलं असतं. छप्पन साली, धर्मांतराच्या वेळी, त्याच्या आईने, भागीबाईने, घरातले देव गोदावरीत सोडून भिंतीवर बोधिवृक्षाखालच्या बुद्धाची तसबीर लावली होती. ते झाड गोष्टीतून पोरांच्या हाती द्यावं, एवढीच पुंजारामची इच्छा होती.

त्याचा जिवलग मित्र गोटीराम छापखान्यात कंपोझिटर होता. त्याच्याच शब्दावर मालकाने पुस्तक घेतलं, पण मग कुरकुर सुरू केली, "हे झाड शाळांत चालायचं नाही." पुस्तक परत जाईल, या धास्तीने गोटीरामने पुंजारामला न विचारताच खिळे जुळवता जुळवता पिंपळ काढला आणि तिथे वणीच्या गडावरल्यासारखी देवी बसवली. प्रुफं दाखवलीच नाहीत. हस्तलिखिताची पानं रिवाजाप्रमाणे सुटी करून कंपोझिटरांत वाटली होती; पिंपळाची तेवढी गोटीरामने स्वतःकडे ठेवली होती. काम झाल्यावर ती शाई पुसायला गेली. दुसरी प्रत नव्हती.

"अरे, शाळांत लागलं ना? नाव तुझंच झालं!" गोटीराम म्हणाला.

"नाव झालं रे. गोष्ट कुठंय माझी?"

पुस्तक खपलं, हेच वाईट झालं. गंगापूर रोडवर सत्कार ठरला. पुंजाराम आईला मुद्दाम घेऊन गेला. म्हणाला, "सगळं खरं सांगतो बघ आज, माइकवरून."

व्यासपीठावर देवीची तसबीर होती. कुणीतरी त्याच्या हातात हार दिला. खरं बोललं की मालक हात झटकणार आणि गोटीरामची नोकरी जाणार. मित्रासाठी गप्प बसलो, असं पुंजाराम पुढे जन्मभर सांगत राहिला. कसलं काय! एवढ्या लोकांसमोर तो भ्याला. त्याने देवीला हार घातला, हातही जोडले. गोटीरामने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

भागीबाई उठली आणि दाराकडे चालू लागली. पुंजाराम तिला हाक मारणार होता, पण माइक चालू होता.