अर्थिंगभाऊ आणि खोटा काटा

अर्थिंगभाऊंना गाडीची कुठलीही तक्रार सांगा, हॉर्न वाजत नाही, दिवा लागत नाही, वायपर मध्येच अडकतो. ते त्या हॉर्नकडे, दिव्याकडे, वायपरकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. सरळ बॅटरीपाशी जायचे, तिथल्या वायरीला दोन बोटं लावायचे आणि तिथून इंचाइंचाने पुढे सरकायचे. तासाभराने जिथे पोचले तिथे खडूने खूण करायची आणि "आजचं इतकंच" म्हणून साबण मागायचा. दुसऱ्या खेपेला त्या खुणेपासून पुढे. अहो, दाढ दुखते म्हणून गेलेल्या माणसाला डॉक्टर पायाच्या अंगठ्यापासून तपासायला लागला तर कसं वाटेल? मला तसं सलग दीड महिना वाटत होतं.

नागपूरच्या सदर भागात त्यांचं एका शटरचं दुकान होतं. आत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खिळ्याला टांगलेला टेस्ट-बल्ब आणि एक स्टूल. "पहिले अर्थिंग पाहू" हे त्यांचं पालुपद, म्हणून सगळं सदर त्यांना अर्थिंगभाऊ म्हणायचं. माणूस बारीक, आवाज त्याहून बारीक, आणि या काळ्या धंद्यात अंगात कायम पांढरा शर्ट. त्या शर्टावर मी कधी डाग पाहिला नाही, याचाही मला राग यायचा.

आता गाडीचं सांगतो. माझे वडील रेल्वेत वॅगन तपासायचे. मालगाडीच्या डब्यावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख पांढऱ्या रंगाने लिहितात, ती सवय ते रिटायर होताना घरी घेऊन आले. कूलरवर तारीख, शिलाई मशीनवर तारीख, पाटाला खिळा मारला तर पाटाखाली तारीख. आई म्हणायची, "माझ्यावर तेवढी लिहू नका म्हणजे झालं." आई गेल्यावर बाबांनी एक जुनी विलायती गाडी घेतली. मँगनीजच्या खाणीवरचा गोरा साहेब देश सोडताना ती शेडमध्ये टाकून गेला होता. दोनच सीटा, कापडी छत, लांबलचक नाक. धंतोलीच्या आमच्या गल्लीत ती म्हणजे म्हशींच्या गोठ्यात हरीण. दोन वर्षं खपून बाबांनी ती लाल केली, चालती केली, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर गळ्यात रुमाल बांधून हिंडायला लागले.

गाडी उत्तम होती. फक्त तिचा पेट्रोलचा काटा एका उन्हाळ्यापासून फुल्लवर जाऊन बसला तो हलेना. टाकी भरा, फुल्ल. टाकी रिकामी करा, फुल्ल. आमच्या आत्याला घेऊन बाबा भिवापूरला मिरची आणायला गेले, तर उमरेडच्या अलीकडे गाडी बंद. काटा फुल्लवर! पंचाहत्तर वर्षांची आत्या पाऊण तास बाभळीखाली बसली, आणि घरी आल्यावर तिने जे तोंड सोडलं ते अजून कानात आहे. पुढे महिनाभराने गाडी धंतोलीतच एका दवाखान्याच्या फाटकात थांबली. मागे पेशंटची जीप, तिच्या मागे रिक्षा, आणि लोक माझ्या बापाला शिव्या देत गाडी ढकलताहेत. मी ऑफिसातून घरी येत होतो. मी ते पाहिलं.

काटा बिघडलाय हे बाबांना माहीत होतं. पेट्रोल भरलं की वहीत लिहायचं असं ठरलं होतं. त्यांनी लिहिलंच नव्हतं. "गाडीत काटा असताना वही कशाला?" हे त्यांचं उत्तर. मी म्हणालो, बाबा, तुम्हाला आता आठवत नाही. घरात सगळेच तसं कुजबुजायला लागले होते. गॅसवर दूध ठेवून ते विसरले होते, एकदा चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधला होता. त्या संध्याकाळी मी जाहीर केलं की दसऱ्यापर्यंत काटा दुरुस्त झाला नाही तर किल्ली माझ्या कपाटात जाईल. त्या दिवसापासून किल्ली बाबांच्या मुठीत असायची, जेवताना डाव्या हाताच्या.

म्हणून अर्थिंगभाऊ आले; त्याच उन्हाळ्यात हॉर्नसाठी ते एकदा येऊन गेले होते. आधी मी दिल्लीहून दुसरा काटा मागवून एकाकडून बसवून घेतला होता, तोही फुल्लच दाखवायचा. हे मी भाऊंना ठासून सांगितलं.

ते म्हणाले, "काटा खोटं नाही बोलत, साहेब. त्याले कोणीतरी खोटं सांगून राहिलं."

"मग जो सांगतोय त्याला पकडा ना!"

"पकडू ना. पहिले अर्थिंग पाहू. करंट गेला तर त्याले वापस याले पण रस्ता पाहिजे ना?"

आणि बॅटरीपाशी बसले. मी कपाळावर हात मारला. दुकान उघडण्याआधीचा सकाळचा तास ते आम्हाला द्यायचे. त्या तासात टेस्ट-बल्ब धरायला मी उभा. "साहेब, लागला का?" "लागला." "आता?" "लागला हो, लागला!" शेजारचे वकील फाटकाशी उभे राहून विचारायचे, काय, आज कुठवर आलं काम? जसा काही मी घाटात बोगदा खणत होतो.

एकदा माझा संयम सुटला. बाबा पायरीवर बसले होते, त्यांच्या देखतच मी म्हणालो, "भाऊ, यांनी स्वतःच कुठे काही छेडलं असेल तर तसं सांगा. दसऱ्याचीही वाट पाहत नाही, किल्ली आजच काढून घेतो."

भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांच्या मुठीकडे पाहिलं. मग खडू काढून खूण केली. "आजचं इतकंच."

खडू डॅशबोर्डापासून सीटाखाली पोचला आणि दसरा तोंडावर आला. अख्खं नागपूर गाड्या धुऊन झेंडूच्या माळा घालणार, आणि या माणसाने ऐन त्याच तीन दिवसांत दुकान बंद ठेवलं! मी सायकल हाणत त्यांच्या घरी गेलो. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दीक्षाभूमीसाठी गावाकडून आलेली माणसं, पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, मोठ्या गंजात शिजणारं वरण.

"तुमच्या गाडीले वर्षाचे बाकीचे दिवस आहेत, साहेब," भाऊ म्हणाले. "माह्या घरी पाहुणे दसऱ्यालेच येतात. बसा, जेवून जा."

मी जेवलो नाही. तणतणत परत आलो. बाबांनी गाडीला माळ घातली, पण ती फाटकाबाहेर काढली नाही. मुदत संपली होती. मी हात पुढे केला तेव्हा ते इतकंच म्हणाले, "त्याला येऊन जाऊ दे रे एकदा." त्या आवाजाने मी हात मागे घेतला.

भाऊ चौथ्या दिवशी आले. गाडीचं मागचं अंग विटांवर चढवून टाकीखाली शिरले. अर्धा तास फक्त त्यांचे पाय दिसत होते. मग त्यांनी पाना मागितला, हातभर तांब्याची वायर मागितली, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "बाबूजी, किल्ली फिरवा."

काटा थरथरला आणि फुल्लवरून उतरत उतरत पाव टाकीवर येऊन थांबला. बाबा एकदम गाडीतून बाहेरच आले.

"काय होतं?" मी विचारलं.

भाऊ शर्ट झटकत बाहेर आले. "माही चूक आहे, साहेब. मागं हॉर्नचं काम केलं तेव्हा टाकीची वायर मीच ढिली सोडली होती."

मग मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दीड महिना आम्हाला नाचवलंत, सत्तर वर्षांच्या माणसाला चारचौघांत शिव्या खायला लावल्या, धंदा सोडा न् देवळापुढे बसा. असलं बरंच. भाऊंनी ते ऐकून घेतलं, साबण मागितला, नखं घासून हात धुतले आणि सायकलवर टांग टाकून गेले. बाबा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मी भाऊंना पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि ऑफिसात ज्याच्या ज्याच्याकडे गाडी होती त्या प्रत्येकाला सांगितलं की त्या माणसाच्या वाटेला जाऊ नका.

बाबांनी पुढे चार वर्षं गाडी चालवली. एकदाही पेट्रोल संपलं नाही. दर शनिवारी ते सदरला जाऊन भाऊंच्या दुकानात स्टुलावर बसायचे, आणि भिवापूरची मिरची आली की तिच्यातली अर्धी तिकडे पोचवायचे. मी म्हणायचो, बाबा, त्याने तुमची फजिती केली आणि तुम्ही त्याला मिरच्या देता? बाबा म्हणायचे, "तुला नाही कळणार." मला वाटायचं, म्हातारपण.

बाबा गेले. वर्षभराने मी गाडी विकली. घेणाऱ्याच्या मिस्त्रीने टाकी खाली उतरवली आणि हसायला लागला. टाकी जिथे पट्ट्यांनी कसली होती तिथे खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे होते, नीट कापून बसवलेले. "टाकी वाजू नये म्हणून कोणीतरी रबर घातलं साहेब, अन् टाकीचं अर्थिंगच तोडून टाकलं. मग दुसऱ्या कोणीतरी रबर न काढता बाजूनं वायर देऊन जोडलं." त्याने ते तुकडे फेकून दिले आणि टाकी तशीच परत कसली. मी त्यातला एक उचलला. बाकीच्यांवर चिखल होता, हा कोणीतरी पुसून ठेवलेला. त्याच्यावर पांढऱ्या रंगात, बाबांच्या अक्षरात, तारीख होती. काटा अडकला त्या उन्हाळ्यातली.

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत तिची टाकी खडखडताना मला ऐकू येत होती.

मी तसाच सदरला गेलो. दुकानात दुसरंच कोणी बसलं होतं. भाऊ घरी खाटेवर होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अंगात पांढरा शर्ट. मी ते रबर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटांनी चाचपलं आणि हसले.

"भाऊ, काहून खोटं बोलले तुम्ही? मी तुम्हाला काय काय बोललो!"

"तुम्ही किल्ली काढून घेतली असती, साहेब. म्हटलं असतं, बुढ्याच्या ध्यानात नाही राहत, आपल्याच हातानं करते न् विसरते." त्यांनी तारखेवरून अंगठा फिरवला. "जो माणूस टाकीच्या खाली, कोणालेच दिसत नाही तिथं तारीख लिहून ठेवते, तो विसरभोळा नसते. रबरानं अर्थिंग तुटते हे माहीत नव्हतं त्याले, इतकंच. दुसऱ्या दिवशी दुकानावर आले तेव्हा मी सांगितलं. लय रडले बाबूजी."

मला माफी मागायची होती. आयुष्यभर तोंड चालवलं आणि नेमकं तेव्हा बंद पडलं.

रबर परत देत भाऊंनी विचारलं, "मी मुद्दाम ठेवलं होतं ते. आता काढलं तर टाकी वाजत तर नाही ना? बाबूजीले तो आवाज बिलकुल नव्हता चालत."

"नाही," मी म्हणालो. "बिलकुल नाही वाजत, भाऊ."