एकदा जेवू या

योम सुन्नाम या बाईंबद्दल प्यो दोक्सूला जे ठाऊक होतं ते मोजायला एका हाताची बोटं पुरली असती, आणि त्यातलंही एखादं मिटूनच राहिलं असतं. नाव ठाऊक होतं, कारण ते त्यांच्या हिरव्या जाकिटाच्या छातीवर शिवलेलं होतं. गुडघा दुखतो, हे ठाऊक होतं. मुलगा उल्सानला जहाजांच्या कारखान्यात आहे, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. मुलाचं नाव तेव्हा त्यांनी सांगितलं नाही आणि यानं विचारलं नाही. घर टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, पण नेमकं कुठलं ते माहीत नाही. तीन शरद ऋतू एका बाकावर बसून काढले, आणि शिल्लक उरलं ते एवढंच, वर त्यांच्या लहानपणच्या दोनचार तुटक आठवणी. तरी सांगायला हवं, कारण दुसरं कोणी सांगेल असं दिसत नाही.

प्योचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. त्या कामात माणूस अंधाऱ्या बोळात एकटा लोंबकळत असतो आणि वरखाली जाणाऱ्या माणसांचे आवाज भिंतीपलीकडून ऐकतो. त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण घरी बायको होती आणि ती दोघांच्या वाटणीचं बोलायची. ती गेल्यावर घरात बाईमाणसाचा आवाज उरला तो भाताच्या विजेच्या भांड्याचा. भात शिजला की ते गोड गळ्यानं म्हणायचं, “भात झाला आहे. हलवून घ्या.” प्यो हलवून घ्यायचा.

एक दिवस इमारतीच्या लिफ्टमध्ये वॉर्ड ऑफिसचा कागद दिसला. टेकडीवरच्या बागेसाठी स्वयंसेवक हवे आहेत. लिफ्टमध्ये चिकटवलेलं काहीही वाचायची त्याला जुनी खोड. वाचलं आणि गेला. तिथं त्याला हिरवं जाकीट मिळालं, आणि सगळ्यांनी एकमेकांना मानानं हाक मारावी म्हणून तो ‘प्यो गुरुजी’ झाला. जन्मात कोणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याची जोडी योमबाईंशी लागली.

काम दोतोरी राखायचं. दोतोरी म्हणजे ओकच्या झाडाचं फळ, टोपी घातलेल्या सुपारीसारखं दिसतं. शरदात टेकडीवर त्याचा सडा पडतो. खारींचा तो हिवाळ्याचा शिधा. पण त्याच्या पिठाच्या वड्या माणसांनाही आवडतात, म्हणून उजाडल्यापासून बायका पिशव्या घेऊन हजर. त्यांना अडवायचं, आणि वेचलेली फळं वाटेवरच्या लाकडी पेटीत टाकायला लावायची. पेटीवर खारीचं चित्र होतं. ते चित्र प्योला उंदराचं वाटायचं, पण तो तसं कधी बोलला नाही.

अडवायचं काम त्याला जमलंच नाही. बाई दिसली की तो घसा खाकरायचा आणि झाडाकडे बघायचा. योमबाई मात्र बाकावरूनच सुरू करायच्या.

“अहो ताई, पिशवीत काय आहे?”

“भाजी आहे.”

“टेकडीवर भाजी? कुठल्या दुकानातली? आम्हालाही सांगा.”

“तुम्हाला काय करायचंय हो? दोन मुठी घेतल्या तर खारी काय उपाशी मरणार आहेत?”

“तुमच्या घरी फ्रीज आहे ना?”

“आहे की!”

“खारीच्या घरी नाही.”

ती बाई पुटपुटत पेटीत पिशवी रिकामी करायची. “गेल्या जन्मी खार होती वाटतं ही!”

“या जन्मीसुद्धा आहे,” योमबाई म्हणायच्या आणि पुढचे दोन लांब दात दाखवायच्या.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा प्यो हसला, आणि स्वतःच्या हसण्याच्या आवाजानं दचकला.

बाई लांब गेली की योमबाई वेगळ्याच आवाजात बोलायच्या, जसं काही बाकाशीच बोलत असाव्यात. “आम्ही हेच खाऊन वाढलो. गांगवोनच्या डोंगरात. भात नव्हता ना तेव्हा. आई म्हणायची, पाणी बदला गं, अजून बदला, कडू जाईपर्यंत बदला.” मग गुडघा चोळत, “आता मी पीठ विकत आणते. वेचायला हातच धजत नाही.” दुसऱ्या कुठल्याशा शुक्रवारी त्या म्हणाल्या की पोरवयात सोल शहरात आल्या त्या केसांचे टोप करायच्या कारखान्यात, दुसऱ्यांचे केस ओवता ओवता डोळे अधू झाले. नवऱ्याचं नाव कधी निघालं नाही. तो आहे की नाही, हेही प्योला समजलं नाही. विचारणं त्याला कोणाच्या घराचं दार ढकलून आत शिरल्यासारखं वाटायचं.

पहारा संपला की दोघं पायऱ्या उतरायची. जिथं पायऱ्या दोन वाटांना फुटतात तिथं पाण्याचा एक नळ आहे. योमबाई उजवीकडे जायच्या, प्यो डावीकडे. नळापाशी थांबून त्या दर वेळी म्हणायच्या, “गुरुजी, एकदा जेवू या एकत्र.”

“हो हो, जेवू या.”

आता हे वाक्य आपल्याकडे कोण कोणाला म्हणत नाही? बँकेतला कारकून म्हणतो, जुना साहेब म्हणतो, बसथांब्यावर चुकून भेटलेला शाळूसोबती म्हणतो. त्याचा अर्थ ‘बरं, निघतो’ एवढाच. ते ऐकून जो खरोखर वार विचारील त्याला लोक खुळ्यात काढतील. प्योनं स्वतः हे आयुष्यात कितीकांना म्हटलं असेल. त्यातले काही न जेवताच वर गेले.

पण रात्री भाताचा घास घेताना ते वाक्य त्याच्या कानात यायचं. बाई ‘एकदा’वर जरा रेंगाळतात का? की गुडघ्यामुळे श्वास अडकतो म्हणून तसं वाटतं? पुढं फक्त ‘कधी?’ एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तो ती पायऱ्या उतरताना घोकायचा, आणि नळापाशी पोचला की म्हणायचा, “हो हो, जेवू या.” समोर कोणीतरी बसून जेवतं आहे, भाजीची वाटी आपल्याकडे सरकवतं आहे, एवढंच त्याला हवं होतं. त्याला वाटायचं, या वयात असलं मागणं लाजिरवाणं आहे.

तिसऱ्या शरदात दोतोरी परत देण्याचा कार्यक्रम शनिवारी झाला. पेटीत साठलेली फळं बालवाडीच्या मुलांच्या हातून पुन्हा टेकडीवर पसरायची, असा तो दरवर्षीचा सोहळा. फलक, भोंगा, वॉर्ड ऑफिसच्या साहेबांचं भाषण, पिवळ्या टोप्यांची रांग. एक चिमुरडी मूठ उघडीना. तिला तिचं दोतोरी घरी न्यायचं होतं. बाकीचे स्वयंसेवक समजावून थकले. योमबाई गुडघा धरत तिच्यापाशी वाकल्या.

“ठेव गं ठेव. खारींना मी सांगते.”

तीन वर्षांत नियम मोडताना प्योनं त्यांना तेवढंच एकदा पाहिलं.

मग सगळ्यांना किम्बापच्या, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांच्या, पुड्या वाटल्या. प्योनं बाकावर शेजारी आपली टोपी ठेवून जागा धरली. पण योमबाई मुलांना पाणी देत हिंडत राहिल्या, आणि साहेब येऊन म्हणाले, “बसू का गुरुजी?” प्योनं टोपी उचलली. साहेब चांगले होते, आपल्या सासूच्या मधुमेहाबद्दल शेवटच्या घासापर्यंत बोलले.

उतरताना नळापाशी योमबाई थांबल्या. “उद्या रविवार. पीठ आणून ठेवलंय, वड्या लावीन म्हणते.” मग नेहमीसारखंच, “एकदा जेवू या, गुरुजी.”

“हो हो, जेवू या.”

घरी जाईपर्यंत प्यो वाटेत दोनदा थांबला. आज त्यांनी वार सांगितला. पण वार वड्यांचा होता, जेवणाचा नव्हता. की दोन्ही एकच?

रविवारी सकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. मग काढला. दुपारी पुन्हा घातला. बाजारातून चांगल्या मोठ्या नासपती आणल्या आणि त्यांच्याकडे बघत बसला. उन्हं कलली तेव्हा कुठं पाय उचलला. पलीकडच्या उतारावरच्या गल्लीत शिरल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला घर माहीत नाही, आणि फोन नंबरही नाही. कोपऱ्यावर एक वाणसामानाचं दुकान होतं. दुकानदारीण शेगडीला हात शेकत बसली होती.

“काय देऊ आजोबा?”

“घर शोधतोय. योम सुन्नाम म्हणून आहेत.”

“योम? इथं कोणी योम नाही बुवा. माझा जन्म गेला या गल्लीत.”

“वयस्कर आहेत. गुडघा दुखतो त्यांचा.”

“या चढावर कोणाचा दुखत नाही? माझे दोन्ही बघा! कोणाची आई ती? मुलाचं नाव सांगा, लगेच दाखवते.”

प्योनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बाई एकदा आई झाली की तिचं स्वतःचं नाव कागदपत्रांत राहतं. गल्लीला ती अमक्याची आई म्हणूनच ठाऊक असते. हे त्यालाही माहीत होतं. त्याच्या बायकोचं नाव शेजाऱ्यांनी पहिल्यांदा वाचलं ते तिच्या अंत्यविधीच्या फलकावर.

“फोन लावा ना मग.”

“नंबर नाही.”

दुकानदारणीनं नासपतींच्या पिशवीकडे पाहिलं, शर्टाच्या इस्त्रीकडे पाहिलं आणि गालात हसली. “पहिल्यांदाच चाललात वाटतं आजोबा! बसा जरा, धाप लागलीय. ही वडी खाऊन बघा. आत्ताच ग्यूचोलची आई देऊन गेली. पाहुणे यायचे होते म्हणे, आलेच नाहीत. एवढ्या वड्या एकटी काय खाणार?”

तिनं वाडगा पुढं केला. तपकिरी, थरथरती वडी, वर सोयाचं पाणी, तिळाचं तेल, बारीक चिरलेली पात. प्योनं उभ्याउभ्याच एक खाल्ली. जिभेवर शेवटी किंचित कडवटपणा रेंगाळला. शरदात घरोघरी वड्या होतात. आपली वाट पाहत कोणी बसलं असेल, ही गोष्ट त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. ग्यूचोलच्या आईचे पाहुणे आले नाहीत, एवढंच त्याला वाईट वाटलं.

“छान झाली आहे,” तो म्हणाला. “सांगा त्यांना.”

दुकानदारणीला त्यानं एक नासपती दिली आणि बाकीच्या घरी परत आणल्या. भांडं म्हणालं, “भात झाला आहे. हलवून घ्या.”

मंगळवारी योमबाई आधीच बाकावर येऊन बसल्या होत्या.

“रविवारी काय केलंत, गुरुजी?”

“काही नाही. घरीच.”

“हं.”

“तुम्ही?”

“मीही घरीच.”

त्या दिवशी नळापाशी त्या फक्त “येते हं” म्हणाल्या. शुक्रवारीही तेवढंच. प्योला वाटलं, म्हणजे ते नुसतं म्हणण्यापुरतंच होतं. आणि आता म्हणण्यापुरतंही उरलं नाही.

पानं गळून गेली. पेटी उचलून कोठीत ठेवली. जाकिटं जमा करायच्या दिवशी योमबाईंनी आपलं जाकीट नीट घडी घालून ठेवलं, नावाची पट्टी आतल्या बाजूला करून.

“पुढच्या शरदात आहोतच,” प्यो म्हणाला. एवढं बोलायलाही त्याला बरीच तयारी करावी लागली होती.

“कुठलं काय. मुलगा म्हणतो, तिकडं येऊन गुडघ्याचं ऑपरेशन करून घे, आणि तिकडंच राहा. परवा ग्यूचोल गाडी घेऊन येतोय न्यायला.”

“कोण?”

“ग्यूचोल. माझा मुलगा. सांगितलं नव्हतं का मी?”

“नाही.”

“तुम्ही तरी कुठं विचारलंत!” त्या हसल्या, ते दोन दात दिसले.

पायऱ्या उतरताना प्योच्या जिभेवर तो कडवटपणा परत आला. शेगडी, वाडगा, आलेच नाहीत ते पाहुणे. आपण आलो होतो, हे सांगायचं होतं. तुमच्या गल्लीत उभं राहून तुमच्याच हातचं खाल्लं, हे सांगायचं होतं. पण ते सांगितलं तर नासपतींचं सांगावं लागलं असतं, शर्टाचं सांगावं लागलं असतं, आणि बाई परवा जाणार होत्या. दोघं नळापर्यंत पोचली तोवर तो एवढंच जुळवू शकला.

“तुमच्या वड्या चांगल्या होत असतील.”

“विकतच्या पिठाच्या त्या. जराशा कडूच राहतात.”

“जराशा कडू असल्या तरच बऱ्या लागतात.”

योमबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग नळाकडे पाहिलं. थंडीत फुटू नये म्हणून त्याला कोणीतरी चिंध्या गुंडाळून ठेवल्या होत्या.

“गारठा वाढलाय गुरुजी. कानटोपी घालत जा.”

“योमबाई,” प्यो म्हणाला, “एकदा जेवू या एकत्र.”

“हो हो,” त्या म्हणाल्या, “जेवू या.”